डाएटचा वैताग आलाय, पण वजन तर उतरवायचंय: आधी महिनाभर वजन उतरवणं थांबवा

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ४१, उंची १५७ सेंटिमीटर, वजन ७४ किलो. नोकरी, ठाण्याहून रोजची लोकल, घरात तीन माणसं, जेवण शाकाहारी पण अंडं चालतं. चार वर्षांत तीन डाएट झाली: आधी दोन वेळाच जेवणं, मग कीटो (भात-पोळी जवळजवळ बंद, स्निग्ध पदार्थ जास्त), मग मोबाइलवर मोजून मापून १,२०० कॅलरी. वजन ७६ वरून ६७ वर आलं आणि तिथून पुन्हा ७४. एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ टक्के, मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आता डब्यात काकडी-टोमॅटो दिसला तरी चिडचिड होते. "डाएट सोडलं तर शुगर वाढेल, धरलं तर डोकं फिरेल, मग करू काय?" असा प्रश्न.

यात "चौथं डाएट कुठलं" हा प्रश्नच नाही. तिन्ही पद्धतींनी तुमचं वजन उतरलं होतं, म्हणजे पद्धती चालल्या. चालल्या नाहीत ते त्यांच्यासोबत जगणं. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने दोनदाच जेवून आनंदात असलेली माणसं मला माहीत आहेत आणि ऋजुता दिवेकरांच्या सांगण्याप्रमाणे दर दोन तासांनी थोडं थोडं खाऊन आनंदात असलेलीही. ज्याला जे दिनक्रमात बसतं ते टिकतं. तुमच्या बाबतीत तिन्ही वेळा तूट, म्हणजे शरीराला लागतं त्याहून कमी खाणं, फार मोठी होती आणि नियम फार जास्त होते. त्यामुळे माझं सांगणं विचित्र वाटेल, पण आधी चार आठवडे वजन कमी करायचंच नाही. आहे तिथे टिकवायचं. त्यानंतर रोजची फक्त ३०० कॅलरींच्या आसपासची तूट, आणि तीही जिथून काढली तर ताटाला कळणार नाही अशा जागांवरून.

हे का, ते समजलं तर धीर धरायला सोपं जातं.

तुमच्या वयाला, उंचीला आणि बैठ्या कामाला दिवसाला ढोबळमानाने १,७०० ते १,८५० कॅलरी लागतात. १,२०० वर राहणं म्हणजे रोज ५०० ते ६५० ची तूट. दोन-तीन आठवडे ती खपते. मग शरीर खर्च आवरतं घेतं: हातपाय गार पडतात, माणूस नकळत कमी हलतो, जिन्याऐवजी लिफ्ट बघतो, घरी आल्यावर बसला की उठवत नाही. दुसरीकडे भूक वाढवणारी यंत्रणा जोरात चालते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींवर ठेवलं होतं. वर्ष उलटल्यावरही त्यांची भुकेची संप्रेरकं पूर्वपदावर आलेली नव्हती. भूक खरंच जास्त लागत होती, मनाचे खेळ नव्हते.

त्याहून जुना दाखला अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातला. १९४४-४५ मध्ये अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. दिवसाला सुमारे १,६०० कॅलरी, म्हणजे तुमच्या ॲपने तुम्हाला दिल्या त्याहून जास्तच, अर्थात ते उंचपुरे पुरुष होते आणि त्यांना भरपूर चालवलं जात होतं. वजन जवळजवळ पाव भागाने घटलं. पण लक्षात राहतं ते बाकीचं: ज्यांना स्वयंपाकात कधी रस नव्हता ती मुलं पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, ताटली चाटायची, क्षुल्लक गोष्टींवरून भांडायची. खाणं पुन्हा सुरू झाल्यावर कितीतरी जण पोट फुटेस्तोवर खायचे आणि तरी भूक भागली नाही म्हणायचे. तुम्ही लिहिलंय की रात्री अकरा वाजता रेसिपीचे व्हिडिओ बघत बसता आणि शनिवारी फरसाणाचा डबा संपतो. तेच आहे हे. याला इच्छाशक्ती कमी पडली असं म्हणणं म्हणजे श्वास रोखून धरणाऱ्याला शेवटी श्वास घेतलास म्हणून दोष देण्यासारखं आहे.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते, कारण पुढचं सगळं तुम्हाला जसंच्या तसं लागू होईलच असं नाही.

साखरेची गोळी चालू आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मेटफॉर्मिन असेल तर खाण्याच्या वेळा थोड्या बदलल्या तरी सहसा बिघडत नाही. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण कमी किंवा पुढेमागे करू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. थायरॉइड, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२ आणि ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या. फेरिटिन मुद्दाम सांगतेय. चाळिशीत पाळी जास्त जात असेल तर लोह कमी असतं, आणि लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी खऱ्यापेक्षा थोडं जास्त दिसू शकतं. तुमचं ६.१ कदाचित तितकं नसेलही. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर सोबत बघितली तर चित्र स्पष्ट होईल. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर खाली लिहिलेलं प्रथिनांचं प्रमाण तुमच्यासाठी नाही.

आणखी एक, जरा नाजूक. शनिवारच्या खाण्यात "थांबायचं होतं पण थांबताच आलं नाही" असं आठवड्यातून एकदा तरी आणि काही महिने होत असेल, किंवा खाल्ल्यावर उलटी काढणं, जुलाबाची औषधं घेणं असं काही होत असेल, तर वजनाचा विषय पूर्ण बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि त्यात कुठलीही तूट, अगदी ३०० चीसुद्धा, आगीत तेल ओतते.

हे सगळं ठीक असेल तर पहिले चार आठवडे.

वजनकाटा कपाटात. ॲप काढून टाका. या काळात एकच गोष्ट सांभाळायची: वेळेवर आणि पोटभर. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी पाच, रात्री साडेआठ. तुमचा गोंधळ कुठे होतो ते तुम्ही लिहिलेल्या दिवसातच दिसतं. दुपारी एकला डबा, त्यानंतर दोन चहा, आणि घरी पोचायला सव्वाआठ. सात तासांहून जास्त पोट रिकामं. मग चप्पल काढता काढता फरसाणाचा डबा उघडला जातो आणि स्वयंपाक होईपर्यंत शंभर ग्रॅम शेव-चिवडा पोटात गेलेला असतो, म्हणजे पाचशेच्या वर कॅलरी, आणि त्यावर जेवण. यावर "रात्री फरसाण खायचं नाही" हा नियम तुम्ही कितीदा केला असेल! तो टिकत नाही कारण चूक आठ वाजता होत नाही, पाच वाजता होते. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये फुटाण्यांची बरणी ठेवा. मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम फुटाणे आणि एक केळं किंवा पेरू, गाडी पकडायच्या आधी. फुटाण्यांच्या ११० कॅलरी आणि फळाच्या जेमतेम शंभर. बहुतेकींचं रात्रीचं खाणं एवढ्याने निम्म्यावर येतं, कुठलीही बंदी न घालता.

पहिल्या आठवड्यात तुम्हाला फुगल्यासारखं वाटेल, कपडे किंचित घट्ट होतील. हे आधीच सांगून ठेवते, कारण इथेच बहुतेक जणी घाबरून परत १,२०० वर जातात. शरीरात पिष्टाचा साठा, ज्याला ग्लायकोजेन म्हणतात, तो स्नायू आणि यकृतात मिळून चार-पाचशे ग्रॅम असतो आणि दर ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. म्हणजे हा साठा रिकामा झाला की दीड-दोन किलो "उतरतात" आणि भरला की परत येतात. कीटोमध्ये पहिल्याच आठवड्यात दोन किलो गेले तेव्हा तुम्ही खूश झाला होतात, ते मुख्यतः हेच पाणी. आणि एका लग्नाचं जेवण जेवून ते परत आलं तेव्हा रडलात, तेही हेच पाणी. चरबी अशी रात्रीत येत नाही. एक किलो चरबी साठायला सुमारे ७,७०० कॅलरी जास्तीच्या लागतात.

याच चार आठवड्यांत ताटात भर घालायची. काढायचं काहीच नाही. भर कशाची, तर प्रथिनांची.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत निरोगी माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं धरली आहेत. पुढे वजन उतरवायचं असेल तर स्नायू टिकावेत म्हणून मी थोडी जास्त धरते, तुमच्यासाठी दिवसाला ६० ग्रॅम. आकडा मोठा वाटतो, पण नेहमीच्या मराठी स्वयंपाकात जुळतो, फक्त प्रत्येक जेवणात थोडा विचार लागतो. सकाळी दोन अंडी किंवा ५० ग्रॅम सालीच्या मुगाची धिरडी: १२ ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या किंवा एक मोठी भाकरी, ३० ग्रॅम कोरडी मटकी भिजवून मोड आणून केलेली उसळ, वाटीभर दही: सगळं मिळून १८-१९. संध्याकाळचे फुटाणे: ६. रात्री वरण-भात आणि ५० ग्रॅम पनीर घातलेली एखादी भाजी: २१-२२. झाले साठ.

वरणाबद्दल थोडं सविस्तर, कारण गणित तिथेच चुकतं. "आम्ही रोज डाळ खातो" असं प्रत्येक जण सांगतो. कुकरला डाळ किती लावता, विचारलं की तिघांना मिळून अर्धी वाटी असं उत्तर येतं. अर्धी वाटी म्हणजे कोरडी ६०-७० ग्रॅम, माणशी वीस-बावीस. त्यातून साडेचार-पाच ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि त्यातही वर आलेलं पातळ पाणी आपल्या वाटीत आणि खालचा गोळा मुलांच्या ताटात. तिघांना पाऊण वाटी कोरडी डाळ लावा आणि वरण दाट ठेवा. एवढ्याने माणशी सात ग्रॅम होतात. खर्च वाढतो तो दिवसाला मूठभर डाळीचा.

नाश्त्याला पोहे असतील तर तेही तसेच. एका डिशला ६० ग्रॅम पोहे, त्यात प्रथिनं जेमतेम चार ग्रॅम, म्हणून अकरा वाजता पुन्हा काहीतरी चघळावंसं वाटतं. पोहे एक तृतीयांश कमी घ्या आणि तेवढ्या जागेत वाफवलेली मोडाची मटकी किंवा मटार घाला, थोडे शेंगदाणे राहू द्या, सोबत दही. चव बिघडत नाही. उपमा, शेवया, साबुदाणा, सगळ्यांना हीच युक्ती.

आणि भात. कीटोनंतर तुम्हाला भाताची भीती बसली आहे, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. वर्ज्य पदार्थांची यादी जितकी लांब, तितका तो पदार्थ डोक्यात जास्त, हे मी सतत बघते. म्हणून तो परत आणायचा, पण रीतसर: ताटात, वरणासोबत, बसून, एक वाटी शिजलेला. फ्रिजसमोर उभं राहून पातेल्यातून नाही. साखरेचं काय, असं विचाराल. भात आधी भाजी-उसळ खाऊन मग खाल्ला आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर त्याच भाताने साखर कमी चढते. घरी ग्लुकोमीटर असेल तर दोन तासांनी स्वतःच बघा, माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. एका पदार्थाशी जमलं की दुसरा. आठवड्याला एकच.

चार आठवड्यांनी काय दिसायला हवं? झोप बरी, पोट साफ, दुपारी डोळे मिटत नाहीत, जेवण झाल्यावर पुढच्या जेवणाचा विचार लगेच सुरू होत नाही. हे झालं नसेल तर आणखी दोन आठवडे तसंच. घाई कशाची? चार वर्षं वर-खाली करण्यात गेलीच आहेत.

आता तूट. ३०० कॅलरी म्हणजे महिन्याला ९,००० च्या आसपास, म्हणजे कागदावर एक किलोपेक्षा थोडं जास्त. प्रत्यक्षात पाऊण ते एक किलो धरा. सहा महिन्यांत चार-पाच किलो. "एवढंच?" असं वाटेल. पण ७४ चे पाच ते सात टक्के म्हणजे पावणेचार ते सव्वापाच किलो. अमेरिकेतल्या २००२ च्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढंच लक्ष्य होतं, आणि त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. आपल्याकडचा चेन्नईचा अभ्यास तर आणखी दिलासा देणारा आहे. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांमध्ये चालणं आणि खाण्यातले साधे बदल यांनी धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि वजनात म्हणावी अशी घट झालेलीच नव्हती. म्हणजे काटा हलला नाही तरी आत काम चालू असू शकतं. तुमची भीती साखरेची आहे ना? मग यश काट्यावर मोजायचं कारण नाही.

तूट कुठून काढायची? तुमच्या दिवसात मला तीन जागा दिसतात.

पहिली चहा. तीन कप, प्रत्येकी दोन चमचे साखर: दिवसाला तीस ग्रॅम, म्हणजे १२० कॅलरी. एकदम बिनसाखरेचा करू नका, चार दिवसांत सोडाल. दर दोन आठवड्यांनी कपामागे अर्धा चमचा कमी. दीड महिन्यात अर्ध्या चमच्यावर येता, जिभेला पत्ताही लागत नाही. नव्वद कॅलरी इथेच.

दुसरी तेल, आणि यात घरातल्या कुणाला डाएट करायला सांगावं लागत नाही. भाजीत किती चमचे तेल घालता हे विचारू नये, कुणालाच खरं माहीत नसतं. महिन्याला किती तेल आणता ते बघा. तिघांच्या घरात पाच लिटरचा कॅन महिन्यात संपत असेल तर त्याचं वजन साडेचार किलोच्या वर, म्हणजे माणशी रोज ५० ग्रॅम. कॅलरीत साडेचारशे! तोच कॅन दीड महिना पुरवला तर माणशी तेहेतीस-चौतीस ग्रॅमवर येता आणि प्रत्येकाच्या ताटातून दीडशे कॅलरी जातात. साधारण २० ते २५ ग्रॅम हे चांगलं प्रमाण, पण तिथे एका उडीत जायचं नाही. कसं करायचं: कॅनमधून थेट कढईत ओतणं बंद. दर सोमवारी आठवड्याचं तेल एका बरणीत काढा, तिघांना मिळून पाऊण लिटर, आणि आठवडा त्यातच भागवा. तळण केलं तर त्याच बरणीतून. भाजीला चहाचे तीन चमचे फोडणी पुरते, कढई आधी नीट तापलेली असेल आणि भाजीवर पाण्याचं झाकण ठेवलंत तर. वांग्याला पुरत नाही, वांगं तेल पितंच. वांगी आधी वाफवून घ्या.

तिसरी जागा म्हणजे ओट्याजवळचं खाणं: मुलाच्या ताटातली उरलेली अर्धी पोळी, संपवायचा म्हणून संपवलेला भात, चव बघताना गेलेले चार चमचे. "वाया कशाला घालवायचं" हे आपल्या हाडात मुरलेलं असतं. उरलेलं लगेच डब्यात घालून फ्रिजमध्ये, उद्याच्या फोडणीच्या पोळीला. ओट्याशी उभं राहून काही तोंडात घालायचं नाही, एवढा एकच नियम पुरे. संपूर्ण योजनेत मी तुम्हाला घालतेय ती बंदी हीच एक.

या तिन्ही एकदम सुरू करू नका. आधी चहा, पंधरा दिवसांनी तेल, मग ओटा. चौथं काही नको. घरात तुमच्यासाठी वेगळा स्वयंपाकही नको. एका घरात दोन स्वयंपाक हा डाएटचा वैताग येण्यामागचा मोठा भाग असतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

उपवासांचं विचारलंत. श्रद्धेने करत असाल तर खुशाल करा, पण वजनाच्या खात्यात धरू नका. शंभर ग्रॅम साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाण्याच्या ३५०, तीस ग्रॅम दाण्याच्या कुटाच्या १७० आणि मोठा चमचा तुपाच्या सव्वाशेच्या घरात, म्हणजे साडेसहाशे कॅलरी होतात, आणि प्रथिनं जी काही आहेत ती सगळी दाण्यांची. त्याऐवजी वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि दही घेतलंत तर बरं. गणपती आणि दिवाळीचे दिवस सरळ "टिकवायचे दिवस" म्हणून धरा. उकडीचे मोदक ताटात, जेवणासोबत, भात तेवढा कमी. फराळ पाच वाजताच्या फुटाण्यांच्या जागी. त्या आठवड्यांत वजन वाढलं नाही म्हणजे उत्तम चाललंय.

व्यायामाबद्दल थोडक्यात, कारण तुमचा प्रश्न तो नाही. खाल्लेलं जिरवायला म्हणून व्यायाम करू नका. अर्धा तास चालून शे-सव्वाशे कॅलरी जातात आणि एका वडापावात त्याच्या दुपटीहून जास्त असतात, हा हिशेब कायम तोट्यातच जातो. चालायचं ते साखरेसाठी आणि झोपेसाठी. जेवणानंतरचे दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे चालतात, त्यांची बेरीज आठवड्याला १५० मिनिटं झाली की पुरे. शिवाय आठवड्यातून दोनदा स्नायूंसाठी: खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दहा दंड, दोन्ही हातांत पाण्याच्या लिटरच्या बाटल्या घेऊन दहा वेळा वर. प्रत्येक वेळी हे चक्र दोन-तीनदा. पंधरा मिनिटांचं काम. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा.

काटा पाचव्या आठवड्यानंतर बाहेर काढा. आठवड्यातून एकदाच, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी. पाळीच्या आधीचा आठवडा मोजू नका, पाणी धरल्याने एक-दीड किलो सहज जास्त दिसतं. तुलना चार आठवड्यांपूर्वीच्या वजनाशी, गेल्या आठवड्याशी नाही. काटा दिसला की दिवस खराब जातो असं असेल तर तो नकोच, टेप पुरे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, महिन्यातून एकदा. आपल्याकडे बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. तुमचा आकडा कितीही असो, तीन महिन्यांत दोन-तीन सेंटिमीटर कमी झाले तर गाडी रुळावर आहे.

कुठे बिघडतं, तेही सांगते. सहा-आठ आठवडे टेपही हलली नाही तर आधी तेलाची बरणी आणि शनिवार-रविवार बघा. पाच दिवसांची ३०० ची तूट म्हणजे १,५००, आणि ती शनिवारचं हॉटेल आणि रविवारचा बिर्याणीचा बेत मिळून सहज भरून काढतात. हॉटेल बंद करू नका, पण त्या दिवशी दुपारचं जेवण "वाचवू" नका. उपाशी गेलात की आधी पापड-स्टार्टर, मग मुख्य जेवण, मग गोड असं सगळंच होतं. एखाद्या दिवशी ताबा सुटला तर दुसऱ्या दिवशी भरपाईचा उपवास नको. पुढचं जेवण नेहमीच्या वेळी, नेहमीएवढं. भरपाई केली की ये रे माझ्या मागल्या. नवऱ्याने तुमच्यासोबत तेल कमी केलं आणि त्याचं तीन किलो उतरलं, तुमचं एक, असंही होईल. त्याचं शरीर मोठं, स्नायू जास्त, खर्च जास्त. तुलना करायचीच तर तुमच्या मागच्या महिन्याशी करा. सहा तासांपेक्षा कमी झोप होत असेल तर बाकी काहीही बदलण्याआधी ती सुधारा, अपुऱ्या झोपेत भूक वाढते आणि ती बहुधा गोड-तळकटाचीच असते.

चार-पाच किलो उतरले की थांबा, दोन महिने तिथेच टिकवा. मग पुढे जायचं की नाही ते ठरवा. नाही गेलात तरी चालेल. वजन कमी करायची नवी इंजेक्शनं निघाली आहेत, त्यांबद्दलही तुम्ही ओझरतं विचारलंय. तो निर्णय एंडोक्रायनॉलॉजिस्टसोबत, म्हणजे हार्मोन्सच्या तज्ज्ञ डॉक्टरांसोबत बसून घ्यायचा आहे. तुमच्या आकड्यांवर मी आधी वरचे सहा महिने देईन.

एचबीए१सी पुन्हा कराल ते तूट सुरू केल्यापासून तीन महिन्यांनी, त्याआधी नाही. लाल पेशी १२० दिवसांच्या आसपास जगतात, त्यामुळे महिन्याभरात केलेल्या चाचणीत जुना काळही बराच दिसतो आणि उगाच हिरमोड होतो. मधल्या काळात फेरिटिन कमी निघून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यानेही तो आकडा खाली येऊ शकतो. रिपोर्ट आले की इथेच लिहा, आणि गोळी कुठली चालू आहे तेही, म्हणजे संध्याकाळच्या खाण्याचं प्रमाण नक्की करता येईल.